हेदिननं इंजिन बंद केलं

रविवारी घंटा मी वाजवते.
सोमवारी मुलांचा वर्ग, मंगळवारी म्हाताऱ्यांसाठी सूप,
बुधवारी गायनमंडळ. त्यातले दोघं सुरात नाहीत,
त्यांना वेगळं बसवून शिकवायचं, तेही माझ्याकडे.
फ्रिजवर यादी. यादीच्या पोटात आणखी एक यादी.
नवरा होता तेव्हा म्हणायचा, सुन्नुवा,
स्वर्गात गेलीस तरी आधी खुर्च्या मोजशील.
मी हसायचे. आणि मोजायचेही.

खरं सांगायचं तर थांबायची भीती वाटायची.
थांबले तर तो काहीतरी विचारेल, तो म्हणजे देव,
आणि माझ्याकडे उत्तर नसेल.
योआन्नेस गेला त्या हिवाळ्यात
मी चर्चचे सगळे पडदे धुतले.
दोनदा.

मे महिन्यात पलीकडच्या बेटावर निघाले,
तिथल्या वेदीसाठी कापड घेऊन.
सहा महिने रोज रात्री भरत होते ते.
उपासना अकराची. होडी हेदिनची,
वय एकोणऐंशी, दिवसाला शब्द दहा.
आमच्या फेरोत धुकं विचारून येत नाही.
कुणी ओलं पांघरूण डोक्यावरून ओढावं तसं आलं.
आधी होडीचं टोक गेलं, मग हेदिनची टोपी.

मी म्हटलं, वेग वाढव.
मी म्हटलं, उजवीकडे घे. नाही, सरळ.
मी म्हटलं, फोन तरी कर कुणाला.
त्यानं हात पुढे केला
नि इंजिन बंद केलं.

माझ्या कानात ते बराच वेळ चालूच राहिलं.
ते माझंच असावं.

"अरे, काहीतरी कर!"
"करतोय," तो म्हणाला,
आणि तंबाखूची डबी उघडली.

मी प्रार्थना सुरू केली. तीही यादीच निघाली:
होडी सांभाळ, कापड भिजू देऊ नकोस,
पाळकांना म्हणावं दहा मिनिटं थांबा.
यादी संपली.
पुढे काय म्हणायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.
मग नुसती बसले.
मांडीवर हात. हे माझे हात,
इतके रिकामे मी ते कधी पाहिलेच नव्हते.
योआन्नेस आठवला. पडद्यांशिवाय.
रडले. हेदिननं पाहिलं नाही,
किंवा धुक्यानं त्याला पाहू दिलं नाही.

आवाज वगैरे काही आला नाही. सांगून ठेवते,
कारण नंतर बायकांनी फार खोदून विचारलं.
एवढंच, की खाली पाणी होतं
आणि त्यानं आम्हाला धरलं होतं;
मी काही त्याला धरलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे.
मग डावीकडून, खूप वरून, एक मेंढी ओरडली.
पुन्हा ओरडली.
हेदिननं मान कलती केली.
"सामलच्या मेंढ्या. कडा इथे आहे."
नि वल्ही हातात घेतली, सावकाश,
जणू कुणाला झोपेतून उठवायचं नव्हतं.
जन्मभर देवाला मेंढपाळ म्हणत आले;
त्या दिवशी मेंढीनंच आम्हाला शोधलं.

पोचलो तेव्हा साडेबारा. उपासना उरकलेली.
माझ्यावाचून काही अडलं नव्हतं,
हे पचायला कॉफीचे तीन कप लागले.
वेदीवर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं कापड होतं,
कडेला डाग असलेलं.
त्याच्यावर भाकर ठेवली गेली, प्याला ठेवला गेला.
देवाला डाग दिसला नसेल,
किंवा दिसला आणि चालला.

फ्रिजवरची यादी अजून आहे. खोटं कशाला बोलू?
मंगळवारी सूपही होतं.
फक्त रविवारी घंटा वाजवून झाली
की दोरी लगेच सोडत नाही.
तिचा हेलकावा हातात विरेपर्यंत
तशीच उभी राहते, अंधाऱ्या जिन्याखाली.
परवा पाळकांनी डोकावून विचारलं,
इथे काय करताय?
करतेय, म्हटलं.